मोन्तेवेर्दे: ढगातल्या जंगलाची सहल नीट कशी आखावी

कोस्टा रिकाच्या सहलीत मोन्तेवेर्देच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच रात्र येते. दुपारी पोचायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी झिपलाइन उरकायची आणि जेवून समुद्रकिनाऱ्याकडे सुटायचं. घरी आल्यावर ऐकू येतं, "नुसतं धुकं होतं, काही दिसलंच नाही." मला याचं फार वाईट वाटतं, कारण तिथलं सगळं जंगल त्या धुक्यावरच जगतं. ढग उतरलेला असतानाच ते खरं दिसतं, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो आणि थोडी तयारी करून जावं लागतं. अमेरिकेत राहणारे आपले बरेच लोक नाताळच्या सुट्टीत तिकडे जातात आणि आता भारतातूनही लोक विचारू लागलेत, म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

आधी जागा समजून घ्या

नकाशावर 'मोन्तेवेर्दे' शोधलं की गोंधळ उडतो. हॉटेलं, बाजार, बँक, बसथांबा, खानावळी असं सगळं असलेलं गाव म्हणजे सांता एलेना. तीन रस्त्यांच्या त्रिकोणात त्याचा मधला भाग संपतो. तिथून सेर्रो प्लानो नावाच्या वस्तीतून रस्ता वर चढत जातो आणि मूळ मोन्तेवेर्दे वस्ती लागते. त्याच रस्त्याच्या शेवटी, गावापासून पाच-सहा किलोमीटरवर, मोन्तेवेर्दे मेघवन राखीव क्षेत्राचं दार आहे. सांता एलेनाचं स्वतःचं राखीव जंगल वेगळं, दुसऱ्या दिशेला, तेवढ्याच अंतरावर. बुकिंग करताना ही दोन नावं नीट वाचा. चुकीच्या जंगलाच्या दारात पहाटे उभे राहिलेले प्रवासी तिथे नेहमी दिसतात.

गाव साधारण 1,300 ते 1,400 मीटर उंचीवर आहे आणि जंगलं त्याहून वर. कॅरिबियन समुद्रावरून येणारे व्यापारी वारे तिलारान डोंगररांगेला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि त्यातल्या बाष्पाचा ढग होऊन थेट झाडांत शिरतो. सह्याद्रीत आपण हेच बघतो, पण दिशा उलटी. आपल्याकडे ओलावा पश्चिमेकडून येतो आणि घाटमाथ्याच्या पूर्वेला पाऊस कमी होत जातो. तिथे ओलावा पूर्वेकडून येतो आणि पॅसिफिककडचा पश्चिम उतार कोरडा राहतो. गाव नेमकं या कोरड्या बाजूला आहे. त्यामुळे गावात लख्ख ऊन आणि अर्ध्या तासावरच्या जंगलात टपटप, असं रोजचं चित्र असतं. गावातलं ऊन बघून रेनकोट खोलीवर ठेवू नका.

इथल्या माणसांची गोष्टही जाण्याआधी माहीत असावी. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातली काही क्वेकर कुटुंबं 1951 मध्ये इथे येऊन वसली. क्वेकर पंथ युद्धाला विरोध करणारा. त्यांच्यातल्या काही तरुणांनी सैन्यभरतीला नकार देऊन तुरुंगवास भोगला होता आणि कोस्टा रिकाने 1948 मध्ये आपलं सैन्यच बरखास्त केलं होतं. त्यांनी गाई पाळल्या, चीजचा कारखाना काढला. डोंगरावरच्या झऱ्यांचं पाणी आटू नये म्हणून माथ्यावरचं साडेपाचशे हेक्टरच्या आसपास जंगल न तोडता राखलं. 1972 मध्ये शेजारीच राखीव क्षेत्र उभं राहिलं आणि हा राखलेला तुकडाही त्याच्याशी जोडला गेला. आज तुम्ही ज्या वाटांवर चालता, त्यांच्यामागे सरकारी हुकमापेक्षा गावकऱ्यांचे आणि अभ्यासकांचे निर्णय जास्त आहेत.

कोणता महिना धरायचा

डिसेंबर ते एप्रिल कोरडा काळ, मे ते नोव्हेंबर पावसाळा. पण मेघवनात 'कोरडा' हा शब्द जपून घ्यायचा. डिसेंबर ते फेब्रुवारी वारे जोरात असतात आणि त्यांच्याबरोबर बारीक तुषार आडवे उडत येतात. नाताळ आणि ईस्टरच्या आधीचा आठवडा, या दोन वेळी तिथली माणसंही सुट्टीवर असतात. खोल्या महाग होतात, बसची तिकिटं संपतात. अमेरिकेतून नाताळात जाणाऱ्यांनी सप्टेंबरमध्येच बुकिंग करून टाकावं.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना शाळांची सुट्टी सांभाळावी लागते. दिवाळीच्या सुट्टीत जायचा विचार असेल तर मी जाऊ नका म्हणेन, कारण सप्टेंबर-ऑक्टोबर हा तिथला सगळ्यात ओला काळ आहे. उन्हाळी सुट्टी मात्र छान जुळते. एप्रिलअखेर ते जूनची सुरुवात या दिवसांत केत्झाल पक्ष्यांची वीण चालू असते, गर्दी ओसरलेली असते आणि मे-जूनचा पाऊस बहुधा दुपारनंतर येतो. सकाळ जंगलात घालवायची आणि दुपारी पाऊस बघत कॉफी प्यायची, असा दिवस आपोआप लागतो.

रात्री किती? तीन. दोनमध्ये भागतं, पण मग एक सकाळ ढगात गेली की हाताशी दुसरी उरत नाही.

व्हिसा आणि वाट

भारतीय पासपोर्टवर कोस्टा रिकाला व्हिसा लागतो. नवी दिल्लीत त्यांचा दूतावास आहे. अमेरिकेचा अनेक प्रवेशांचा वैध व्हिसा किंवा तिथलं रहिवासपत्र असेल तर सहसा वेगळा व्हिसा लागत नाही, पण त्याच्या अटी बदलत असतात. तिकीट काढण्याआधी दूतावासाकडून खात्री करून घ्या. मुंबईहून थेट विमान नाही. युरोपमार्गे किंवा अमेरिकेमार्गे जावं लागतं आणि अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. याच सहलीत कोलंबिया, पेरू किंवा ब्राझील जोडणार असाल तर पीतज्वराच्या लशीचा दाखला लागेल. ही लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते.

राजधानी सान होसेपासून सांता एलेना सुमारे 140 किलोमीटर. गाडीने तीन-साडेतीन तास, बसने चार ते पाच. सान होसेहून थेट बस आहे, एक सकाळी आणि एक दुपारी. शक्यतो सकाळची घ्या. तिथे वर्षभर संध्याकाळी सहाच्या आसपास अंधार पडतो आणि वळणांच्या रस्त्यावर धुकं उतरतं. गाडी स्वतः चालवणार असाल तर हा नियम आणखी कडक: चारपर्यंत गावात पोचा. फोनवरचा नकाशा घाटातले वेळ कमी सांगतो. पॅन-अमेरिकन महामार्गावरून ग्वासिमालमार्गे वर येणारा रस्ता आता डांबरी आहे. तिलारानकडून येणार असाल तर मात्र खडबडीत पट्टे लागतात, तिथे उंच, फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी बरी. वाहतूक रस्त्याच्या उजवीकडून चालते, हेही मनाशी घोकून ठेवा. भाड्याच्या गाडीवर स्थानिक विमा सक्तीचा असतो आणि तो वेबसाइटवरच्या स्वस्त दरात बहुधा धरलेला नसतो. पूर्ण रक्कम आधीच विचारून घ्या.

ला फोर्तुना आणि आरेनाल ज्वालामुखी आधी बघणार असाल तर गाडी-होडी-गाडी हा पर्याय फार सोयीचा. सरळ रेषेत ला फोर्तुना आणि सांता एलेना ही गावं जवळ, पण मध्ये आरेनालचा तलाव पसरलेला. त्याला वळसा घालण्याऐवजी व्हॅनने काठापर्यंत, होडीने पलीकडे आणि पुन्हा व्हॅनने वर, असं तीन-साडेतीन तासांत पोचता येतं. सामान पोत्यासारखं चढवलं-उतरवलं जातं, त्यामुळे मोठी कडक बॅग नको.

मुक्काम आणि सामान

गाडी नसेल तर गावातच, त्रिकोणाजवळ राहा. खानावळी, दुकानं, बस सगळं पायाखाली. गाडी असेल तर सेर्रो प्लानो किंवा त्याच्या वरच्या बाजूला शांतता जास्त आणि पहाटे खिडकीतच पक्षी. खोलीत गरम पाणी आणि जाड पांघरूण आहे ना, एवढं विचारा. एसी लागत नाही.

तापमान सरासरी 18 अंशांच्या आसपास, पण ओला वारा अंगाला झोंबतो. सुती जीन्स एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही. पटकन वाळणाऱ्या पँट, एक फ्लीस, टोपी असलेला चांगला रेनकोट आणि पकड असलेले बूट घ्या. छत्री वाऱ्यात टिकत नाही. मोजे मोजून दुप्पट. फोन आणि पासपोर्टसाठी बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. दुर्बीण घरात असेल तर कितीही जड वाटली तरी न्या. 8×42 ची साधी दुर्बीण अंधाऱ्या जंगलात फार उपयोगी पडते. विजेचे सॉकेट अमेरिकेसारखे, 120 व्होल्टचे. आपल्याकडचे प्लग बसत नाहीत. नळाचं पाणी गावात पिण्याजोगं आहे, त्यामुळे बाटली भरून घेता येते.

कोणतं जंगल निवडायचं

मोन्तेवेर्दे राखीव क्षेत्र सगळ्यात प्रसिद्ध. वाटा चांगल्या राखलेल्या, झाडीतून जाणारा झुलता पूल आणि ज्याला 'ला व्हेंताना' म्हणतात तो कडा. तिथे उभं राहिलं की तुम्ही खंडाच्या जलविभाजकावर असता. एका बाजूचं पाणी कॅरिबियनला जातं, दुसऱ्या बाजूचं पॅसिफिकला. बऱ्याचदा तिथून काहीच दिसत नाही. ढग खालून चढून तोंडावर येतो आणि मिनिटभरात मिशा-भुवया ओल्या होतात. तिथे थांबा. जंगलाला पाणी कसं मिळतं हे अंगावर घेऊन बघायची याहून चांगली जागा नाही. दाराजवळच्या कॅफेबाहेर हमिंगबर्डची गर्दी असते. जांभळा, मोठा व्हायोलेट सेबरविंग तिथे हातभर अंतरावरून बघता येतो.

सांता एलेना राखीव जंगल थोडं उंच, जास्त ओलं आणि शांत. 310 हेक्टरचं हे जंगल 1992 पासून लोकांसाठी खुलं आहे आणि ते गावातली माध्यमिक शाळा चालवते. तुमच्या तिकिटाचे पैसे जंगलाच्या आणि शाळेच्या कामी येतात. एकच जंगल बघायला वेळ असेल आणि पायात बळ असेल तर मी हेच सुचवीन. हवा स्वच्छ असेल तर इथून आरेनाल ज्वालामुखीही दिसतो.

कुरी-कांचा हे खाजगी राखीव क्षेत्र. थोडं खाली, काही भाग जुनी कुरणं पुन्हा झाडीखाली आलेली, त्यामुळे मोकळं आणि उजेडाचं. पक्षी बघायला हे सगळ्यात सोपं, फोटोंसाठी तर उत्तमच.

चौथं 'मुलांचं चिरंतन जंगल'. 1987 मध्ये स्वीडनमधल्या एका छोट्या शाळेतल्या मुलांनी जंगल तुटू नये म्हणून पैसे जमवायला सुरुवात केली, मग अनेक देशांतली मुलं त्यात सामील झाली. आज ते 22,000 हेक्टरहून मोठं, कोस्टा रिकातलं सगळ्यात मोठं खाजगी राखीव क्षेत्र आहे. त्यातला बाहो देल तिग्रे हा भाग गावाजवळ आहे, वाटा सोप्या आहेत. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना ही गोष्ट सांगत सांगत तिथे न्या.

पहिली सकाळ: गाईड घ्याच

दारं साधारण सातला उघडतात. सातलाच आत शिरायचं. आदल्या दिवशी तिकीट आणि गाईड ऑनलाइन किंवा हॉटेलमधून ठरवून ठेवा, कारण दिवसाला किती माणसं आत सोडायची यावर मर्यादा असते. पहिल्या फेरीला गाईड ही चैन समजू नका. तो तिकाटण्यावर दुर्बीण घेऊन येतो, आवाजावरून पक्षी ओळखतो आणि तुम्ही ज्याला पान समजलात त्याला डोळे आहेत हे दाखवतो. एकट्याने चालणाऱ्याला दोन तासांत हिरवी भिंत दिसते. त्याच वाटेवर गाईडबरोबर पन्नास पावलांना अर्धा तास लागतो.

केत्झाल बघायचा असेल तर रानटी अवाकाडोची झाडं शोधायची. त्याची छोटी फळं केत्झाल अख्खी गिळतो आणि वरचा गर पचला की बी ओकून टाकतो. जंगलाची पेरणी अशीही होते. पक्षी दिसायला भडक, हिरवा-सोनेरी, छाती लालबुंद, नराच्या शेपटीवरची पिसं पाऊण मीटरपर्यंत लोंबणारी, तरी सापडत नाही, कारण तो तासन्‌तास हलत नाही आणि हिरवी पाठ आपल्याकडे करून बसतो. हालचाल शोधू नका. फांदीखाली लोंबणारी, वाऱ्यावर किंचित हलणारी लांब रेघ शोधा. फेब्रुवारी ते जून चांगला काळ. नंतर हे पक्षी फळांच्या मागे उतारांवरून खाली निघून जातात. मार्च ते जुलैत थ्री-वॅटल्ड बेलबर्डचा आवाज ऐकू येतो, घणाचा ठोका पडावा तसा, आणि पक्षी मात्र अर्धा किलोमीटर लांब असतो.

आता एक फांदी नीट बघा. वाटेवर तुटून पडलेली फांदी हमखास सापडते. तिचं लाकूड मनगटाएवढं आणि त्यावरचा थर त्याच्या दुप्पट जाड: शेवाळ, नेचे, ऑर्किड, अननसाच्या कुळातली ब्रोमेलियाडं. ही बांडगुळं नव्हेत. ती झाडाचा रस शोषत नाहीत, ढगातलं पाणी आणि अन्न अडवून धरतात. तो थर बोटाने हलकेच उचकटला की खाली काळी, भुसभुशीत माती निघते. जमिनीला कधी न लागलेली, झाडावरच तयार झालेली माती. या मातीवर ज्यांनी वर्षानुवर्षं याच मोन्तेवेर्देत, दोरांनी झाडावर चढून काम केलं, त्या शास्त्रज्ञ नलिनी नाडकर्णी. त्यांचे वडील भारतातून अमेरिकेत गेलेले. काही झाडं आपल्याच फांद्यांवरच्या या मातीत मुळं सोडतात, हे त्यांनी 1981 मध्ये 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत मांडलं. त्या जंगलात फिरताना आपल्या ओळखीचं आडनाव असं भेटतं, याचा मला मनापासून आनंद होतो. जिवंत झाडावरचा थर मात्र उचकटू नका. तो पुन्हा यायला फार वर्षं लागतात.

गाईडला सोनेरी बेडकाबद्दल विचारा. चमकदार केशरी रंगाचा हा बेडूक जगात फक्त इथल्या डोंगरमाथ्यावर होता. 1987 मध्ये तो शेकड्यांनी दिसला, 1989 मध्ये शेवटचा एक नर दिसला आणि त्यानंतर कधीच नाही. बेडकांना होणारा बुरशीचा रोग आणि तापत्या हवेमुळे बदललेलं धुक्याचं गणित, या दोन्हींकडे अभ्यासक बोट दाखवतात. ढगांचा तळ वर सरकला तर इथल्या प्राण्यांना आणखी वर जायला डोंगर उरलेला नाही.

दुसऱ्या सकाळी दुसऱ्या जंगलात गाईडशिवाय जा. पहिल्या दिवशी शिकलेलं स्वतः वापरून बघण्यात वेगळी मजा आहे.

रात्रीची फेरी

ही चुकवू नका. साधारण सहाला सुरू होते, दोन तास चालते आणि गाईडशिवाय करता येत नाही. फांदीवर पिसांचा गोळा होऊन झोपलेले पक्षी, बिळाच्या तोंडाशी बसलेला केशरी गुडघ्यांचा टॅरॅंट्युला, हिरवागार विषारी पिट व्हायपर, नशीब असेल तर स्लॉथ किंवा किंकाजू. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद बूट घाला. फांद्यांना, कठड्यांना हात लावू नका, कारण हिरवा साप पानांतच असतो. फ्लॅश बंद. गट आठपेक्षा मोठा असेल तर मागच्यांना काही दिसत नाही. बुकिंगच्या वेळी गटात किती माणसं असतात ते विचारा.

पूल आणि झिपलाइन

झिपलाइनची सहल म्हणून जी गोष्ट जगभर पसरली, ती कोस्टा रिकात इथूनच 1990 च्या दशकात सुरू झाली. करायची असेल तर खुशाल करा, पण दुपारी. सकाळ जंगलासाठी ठेवा. वजनाची आणि वयाची मर्यादा आधी विचारा. झुलते पूल ज्येष्ठांनाही जमतात, कारण चढ-उतार कमी असतो आणि झाडांच्या शेंड्यांशी डोळे भिडतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी जंगलातल्या वाटांऐवजी पूल आणि हमिंगबर्डचा कॅफे एवढंच ठेवलं तरी सहल भरून पावते.

खाणं

शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. छोट्या घरगुती खानावळीला तिथे 'सोदा' म्हणतात, तिथेच जेवा. नाश्त्याला गायो पिंतो: काळा घेवडा आणि भात एकत्र परतलेला, वर कोथिंबीर. दुपारी कासादो: भात, घेवडा, कोशिंबिरीसारखं सॅलड, पिकलेल्या केळ्याच्या तळलेल्या फोडी आणि एक मांसाहारी पदार्थ. 'कासादो वेहेतारियानो' मागितलं की त्याच्या जागी भाजी, चीज किंवा अंडं येतं. नुसतं 'सिन कार्ने' (मांस नको) म्हटलं तर कोंबडी येऊ शकते, म्हणून 'सिन पोयो, सिन पेस्कादो' (कोंबडी नको, मासे नको) हेही जोडा. घेवडा कधी डुकराच्या चरबीत शिजवतात; 'मान्तेका दे सेर्दो?' असं विचारायला लाजू नका. जैन जेवण मात्र मिळणं कठीण, थेपले आणि खाकरा बरोबर असू द्या.

भिजून आल्यावर 'आग्वा दुल्से' मागवा. उसाच्या गुळाची ढेप, तिला ते 'तापा दे दुल्से' म्हणतात, गरम पाण्यात किंवा दुधात विरघळवून देतात. आपल्या गुळाचाच वास आणि चव. आई-आजी बरोबर असतील तर त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. कॉफी लाकडी घोडीवर टांगलेल्या कापडी गाळण्यातून गाळलेली प्या. आसपासच्या छोट्या शेतांवर कॉफी आणि ऊस बघायच्या दोन तासांच्या सहली असतात, पावसाळी दुपारी त्या उत्तम.

डॉलर सगळीकडे चालतात, पण सोदा, बस आणि टॅक्सीला तिथलं चलन, कोलोन, बरं पडतं. बसून खाण्याच्या ठिकाणी बिलात 13 टक्के कर आणि 10 टक्के सेवाशुल्क धरलेलं असतं, त्यामुळे वेगळी टिप बंधनकारक नाही. गाईडला मात्र द्या. स्वच्छतागृहात कागद बाजूच्या डब्यात टाकायचा असतो. धुण्यासाठी लागणारी बाटली आपली आपण न्यावी.

परतताना

निघायच्या आदल्या दिवशी बसचं किंवा व्हॅनचं तिकीट हातात असू द्या. सकाळची बस पहाटे लवकर सुटते आणि सुट्टीच्या दिवसांत आयत्या वेळी जागा मिळत नाही. विमान त्याच दिवशी संध्याकाळचं असेल तर घाटात पावसामुळे होणारा उशीर धरून चाला. शक्य असेल तर शेवटची रात्र आलाहुएलात, विमानतळाजवळ काढा. सामान बांधताना ओले बूट वेगळ्या पिशवीत ठेवा, आणि त्यांच्या तळाला लागलेला चिखल तिथेच धुवून टाका. एका जंगलातल्या बुरश्या आणि बिया दुसऱ्या जंगलात याच चिखलातून जातात.